उभं राहण्याचे गुण

"वर्तुळात कोण आहे?" काकूंनी हेडफोनच्या माइकमध्ये विचारलं.

"येतोच. आधी याला उडवतो," ढाण्या म्हणाला.

"तू मघापासून येतोच आहेस."

"तुम्ही आहात ना उभ्या? मग झालं की."

पडद्यावर पंपघर होतं. हल्ला करणाऱ्या पाच जणांनी जमिनीवरचं पिवळं वर्तुळ नव्वद सेकंद धरून ठेवायचं, रक्षण करणाऱ्या पाच जणांनी त्यांना तिथून हुसकायचं, एवढाच खेळ. एकाने वर्तुळात तग धरायचा तर बाकीच्या चौघांनी दारं सांभाळायला हवीत. चौघेही गच्चीवर माणसं टिपत बसले होते. अठ्ठ्याऐंशीव्या सेकंदाला मागच्या दारातून कोणीतरी निवांत आत आलं आणि काकू मेल्या.

"हरलो वाटतं," ढाण्या म्हणाला आणि स्वतःचा आकडा बघून खूश झाला. चौदा बळी. काकूंच्या नावापुढे शून्य होतं.

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत काकू सहा वर्षं तपासनीस होत्या, म्हणजे बाजारात जाण्याआधी गेम खेळून पाहणाऱ्या. संख्याशास्त्राची पदवी, वय चव्वेचाळीस. बाकीचे त्यांच्या निम्म्या वयाचे. एक सामना खेळायचा, कधी हल्ल्याच्या तर कधी रक्षणाच्या बाजूने, पुढच्या सामन्यात बाजूला बसून नोंदी करायच्या, असा त्यांचा दिवस जाई. संध्याकाळी स्पिरिटचा बोळा घेऊन त्या दहाही कीबोर्ड पुसत. त्यांवर वेफर्सचं तेल असे, कधी केस, कधी नखाचा तुकडा. त्यांना मनापासून किळस यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बटणांना हात लावायचा म्हणून पुसणंही त्यांच्याकडेच यायचं.

या महिन्यात कंपनीचं घोडं एका जागी अडलं होतं. रक्षणाची बाजू शंभरातले त्रेसष्ट सामने जिंकत होती. दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळाल्याशिवाय गेम बाजारात जाणार नव्हता. टीमचा प्रमुख म्हणत होता, पंपघराचा मॅपच चुकलाय. मागची भिंत पाडू, नव्वदाचे चाळीस सेकंद करू. काकूंनी तीन पानं लिहून दिली होती. त्या हल्ल्याच्या बाजूला असल्या की पन्नासातले एकोणतीस सामने हल्ला जिंकत होता. नसल्या की जेमतेम पंधरा. म्हणजे मॅपमध्ये खोट नव्हती. वर्तुळात उभं राहायला कोणी तयार नव्हतं, कारण उभं राहण्याला गुण नव्हते. उभं राहणाऱ्यालाही बळी घेणाऱ्याइतके गुण द्या आणि पंपघर आहे तसं ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सहा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

दुपारी प्रमुखाने त्यांना बोलावलं. त्याला काम काकूंनीच शिकवलं होतं.

"काकू, तुमची पानं वाचली. बारकाईने केलंय."

"मग?"

"तुमचे सामने वगळलेत."

"का?"

"तुम्ही आकडे बिघडवता. तुमच्यासारखं कोण खेळतं? नव्वद सेकंद एका जागी. लोक असे नसतात, काकू."

"दहातला एक मीटर बिघडला तर त्याची नोंद वगळतात," काकू हळू म्हणाल्या. "बाकीचे नऊ बिघडलेत म्हणून नीट चालणारा कोणी फेकत नाही."

प्रमुख हसला. "तुम्ही पण ना."

त्यांना वडिलांचं आजारपण आठवलं. अकरा महिने त्या उशाशी बसून होत्या. भाऊ येत, डॉक्टरांशी दणकून भांडत, निघून जात. नंतर सगळे नातेवाईक म्हणाले, मुलग्यांनी फार केलं.

चार दिवसांत भिंत पडली. चाळीस सेकंदांचे सामने सुरू झाले, काकूंना सोडून. त्या मागे बसून बघत होत्या. पाच जण पाच दिशांना पळत होते. जाता-येता कोणाचा तरी पाय वर्तुळात पडे, तेवढ्यावर चाळीस सेकंद भरत. कधी हे जिंकत, कधी ते. कोणाला कोणाची गरज उरली नव्हती. शंभर सामने झाले. पन्नास इकडे, पन्नास तिकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजू सारख्याच भिकार झाल्यात, हे काकूंनी वहीत लिहिलं. मग पान फाडलं, कारण ते कोणाला द्यायचं हे त्यांना कळेना.

"उद्यापासून तुम्ही मेनूतल्या स्पेलिंगच्या चुका बघा," प्रमुख जाता जाता म्हणाला. "शांत काम आहे, तुम्हाला आवडेल."

काकूंनी खणातून स्पिरिटची बाटली काढली. स्वतःचा कीबोर्ड पुसला, एकेका बटणाच्या कडेने, नेहमीसारखा. मग बोळा टोपलीत टाकला आणि बाटली पर्समध्ये ठेवली.

"काकू, आमचे राहिले," ढाण्या खुर्चीतूनच म्हणाला. त्याची बोटं वेफर्सच्या पाकिटात होती. "माझा तर पार चिकटलाय."

"येतेच," काकू म्हणाल्या.

त्यांनी पर्स खांद्याला लावली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि दार मागे हळूच ओढून घेतलं.