चालकाशेजारी बसणाऱ्यांसाठी सूचना

साडू पुढच्या आठवड्यात परदेशात भाड्याची गाडी घेऊन फिरणार होते, म्हणून वही-पेन घेऊन माझ्याकडे आले. या विषयातला घरातला अधिकारी माणूस मीच. गेल्याच महिन्यात तशी एक गाडी मी दिव्याच्या खांबावर घातली होती.

"आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढा," मी सांगितलं. "गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो. पेट्रोल की डिझेल, ते टाकीच्या झाकणावर वाचा. विमा पूर्ण घ्या, तिथे चिक्कूपणा नको."

साडू आज्ञाधारकपणे लिहीत होते. समोर बायको डाव्या हाताने चहा ढवळत होती. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. ती दातांची डॉक्टर. दवाखान्याला एकूण तीन महिने कुलूप. मनगट पूर्वीसारखं वळेल का, हे हाडांचे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

"आणि आमच्या हिला मागच्या सीटवर बसवतो," साडू म्हणाले. "ताई ऐन वळणावर ओरडल्या म्हणून तुम्ही दचकलात ना? आमची तर त्यांचीच धाकटी बहीण!"

मी हसलो. बायको ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, चालक डावीकडे बसतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वळणावर ती शांतपणे "उजवीकडे राहा" म्हणायची. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "तीस वर्षं गाडी चालवतोय. जरा गप्प बसशील?" ती गप्प बसली. पुढच्याच वळणावर मी तीस वर्षांच्या सवयीने डावीकडे शिरलो, समोरून व्हॅन आली आणि मी गाडी जिवाच्या आकांताने उजवीकडे ओढली. खांब तिच्या दाराला भिडला. ओरडलो तो मीच.

घरी आल्यावर मात्र उचलली जीभ, लावली टाळ्याला: ही ओरडली म्हणून मी दचकलो. तिने चारचौघांत एकदाही मला खोटं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं झालं असतं.

"मागची सीट..." साडू पुटपुटत लिहीत होते.

"ते खोडा," मी म्हणालो. "पुढेच बसवा. बोलू द्या. ही ओरडली नव्हती. मीच हिला गप्प केलं आणि चुकीच्या बाजूला मीच शिरलो."

साडूंचं पेन थांबलं. हे कोणत्या मुद्द्याखाली घालावं, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

बायकोने चमचा बशीत ठेवला. "आता हेच माझ्या आईला सांगा. महिनाभर ती मलाच रागावतेय."

डाव्या हाताने तिने माझ्याच फोनवरून आईचा नंबर लावला आणि फोन माझ्याकडे सरकवला. सासूबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला, जावईबापू. अजून मध्येमध्ये बोलते का हो ती?"