माझ्याच अंगाचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना अतिसंवाहक स्फटिक आहे. दिसायला नखाएवढी काळी पपडी. कोलशेतच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या दक्षताने मला भट्टीतून काढलं, तेव्हा ती नाचायचीच काय ती बाकी होती.

मला खूप गार केलं की माझ्यातून वीज अडथळ्याशिवाय धावते. जवळ चुंबक आणला, की त्याचं बळ बारीक भोवरे होऊन माझ्यात शिरतं. गारठ्यात हे भोवरे शहाण्यासारखे रांगा धरून उभे राहतात. जरा ऊब दिली, की सगळ्या रांगा एकदम मोडतात आणि मोजणीच्या पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारते. त्या उडीचं काय कौतुक व्हायचं!

मग दक्षताने चिकटपट्टीने माझा पापुद्रा सोलला आणि त्यातून एक कण कापला. नुसत्या डोळ्यांना दिसेल तर शपथ. झालं! त्याला सोन्याच्या तारा, त्याला सूक्ष्मदर्शक, त्याच्याशी लाडीगोडी. मी कपाटात. असा कोण मोठा लागून गेला हा?

पण त्याच्या रेघेने उडीच मारली नाही. घसरगुंडीसारखी सावकाश उतरली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिचे मार्गदर्शक यज्ञेश सर म्हणाले, "अगं, मालच भेसळीचा आहे. पूर्ण बॅच फेकून दे, नवीन बनव."

"सर, पीएचडीची मुदत संपत आलीय!"

"मग? खराब सॅम्पलवर देतात का पीएचडी?"

बॅच म्हणजे मीसुद्धा, मित्रांनो!

दक्षता हटली नाही. "सर, आमच्याकडे हळदीला मैदानात नाचतात ना, तेव्हा रांगा कशा मस्त दिसतात. बेंजो थांबला की एकदम मोडतात. तेच ओटीवर चौघं नाचले तर जो तो भिंतीला टेकलेला. रांग कधी होती नि कधी मोडली, कळणार कसं? हा कण म्हणजे ओटी आहे सर. त्याला कडाच कडा, मैदान नाहीच."

"हळदीवर थिसिस लिहिणार तू?" सर हसले. "बरं, मोठ्याला परत लाव. त्याने उडी मारली तर माल चांगला."

मला गार केलं. उडी मारली तर नाव त्या चिमुरड्याचं होणार. नाही मारली, तर आम्ही दोघं कचऱ्यात, आणि पोरीची सगळी मेहनतही. ऊब लागली. माझ्या रांगा मोडल्या, सगळ्या एकदम.

"बघा सर, बघा!" दक्षता किंचाळली.

सर पडद्याकडे बघतच राहिले. "म्हणजे आकारामुळेच होतंय हे. हेच लिही. छोट्याचा आलेख पहिल्या पानावर टाक."

पहिल्या पानावर तो! मी मागे कुठेतरी, तुलनेपुरता.

आता तिने आम्हाला एकाच डबीत ठेवलंय. मी त्याच्याशी बोलत नाही. तरी मित्रांनो, एक विनंती करतो. कोणा लहानाने मोठ्यासारखी उडी मारली नाही, तर त्याला भेसळीचा म्हणण्याआधी त्याला जागा किती मिळालीय ते बघा. आणि आमची डबी उघडलीत तर जपून, तोंड बाजूला करून उघडा. नुसत्या श्वासानेही उडून जाईल तो.