अकरावी चप्पल

मानेवाड्याच्या सुमंत डॉक्टरांकडे म्हाताऱ्यांना फ्लूची लस मंगळवारी मिळायची, आणि डॉक्टर मागवायचे मोजून दहाच. नंबराची चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. ओट्यावर चपला ओळीनं काढायच्या, ज्याची चप्पल पुढे तो आधी आत. तुळसाबाई मात्र सकाळपासून आपली चप्पल मागेच नेत होती. कोणी नवीन आलं की ही उठायची आणि आपला जोड शेवटी ठेवून यायची. दमेकरी छातीला लशीशिवाय हा हिवाळा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून लेक तिला दारात सोडून गेली होती. पण तिला लस नकोच होती. अकरावा कोणी आला की सुटले, एवढंच तिच्या मनात होतं.

गेल्या वर्षी अकरावा होता धोंडबा, तिचा नवरा. खरं तर दहावा नंबर त्याचा. पण तिची नजर चुकवून त्यानं दोघांच्या चपलांची अदलाबदल केली आणि "पुढच्या मंगळवारी घेईन मी" म्हणत हसत बसला. पुढचा मंगळवार तापात गेला, आणि त्याच्या पुढचा त्याला दिसलाच नाही. नवऱ्याची लस आपण घेतली, ही बोच तुळसाबाईला वर्षभर सोडत नव्हती.

आज नऊ जण झाले, दहावी ती. तेवढ्यात तिच्या चपलेमागे एक मर्दानी जोड दिसला. आला बाबा कोणीतरी! तिनं लगबगीनं आपली चप्पल त्याच्यामागे ठेवली आणि बाकावर टेकली. पुन्हा बघते तर तिची चप्पल पुढे.

"रुपराव, माही चप्पल तुमी सरकवली का गा?" तिनं शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"मी काहून सरकवू वं? सुई टोचून बसूनच राहिलो ना इथं."

धुसफुसत ती उठली, तो जोड बाजूला करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. अंगठ्याला हिरवी तार होती. ती तार तिनंच पिळून बसवली होती, आणि ती चप्पल सरणावर धोंडबाच्या पायाशी तिनंच ठेवली होती. आतला टाचेचा खळगा घामानं ओला होता.

"तुळसाबाई, या," नर्स दिपालीनं दारातून हाक मारली. "एकच उरली. अन् ह्या मागच्या चपला कोणाच्या? लस संपली म्हणून सांगा त्याईले."

गेल्या वर्षी ती अगदी हेच बोलली होती. तुळसाबाईनं त्या जोडाकडे बोट केलं.

"त्याईलेच द्या या वर्षी! मले नको!"

"कोणाले?" दिपालीनं बाकाकडे पाहिलं. तिथं सगळे टोचून झालेलेच बसले होते. तिनं तुळसाबाईचा हात धरला आणि आत नेलं.

दंड पुढे करताना तुळसाबाई लहान पोरीसारखी रडली. ती बाहेर आली तेव्हा मर्दानी जोड नव्हता. तो नेताना रुपरावनंही कोणाला पाहिलं नव्हतं. तिची चप्पल रस्त्याकडे तोंड करून नीट लावलेली होती. तिचे गुडघे धरायला लागल्यापासून धोंडबा ती अशीच वळवून ठेवायचा.

तिनं चपलेत पाय घातले आणि मागे वळून दिपालीला म्हणाली, "पोरी, पुढच्या मंगळवारी अकरा मागवजो."