सूर्यडागांच्या सोळा वह्या

मित्रांनो, माझ्यातून सूर्याकडे कधीही थेट पाहू नका, डोळे जातील. एवढे आधी सांगितले, आता ओळख. मी हडपसरच्या एका शाळेतली म्हातारी दुर्बीण आहे.

मंडईजवळ दादामियाँचे चष्म्याचे दुकान होते. त्यांनी मला स्वतःच्या हाताने घडवले, ते लेक नाजिमासाठी. ती या शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि मीही तिच्याबरोबर आले. २००८ सालापासून ऊन असेल त्या दिवशी दहा वाजता नाजिमाबाई मला गच्चीवर नेत. माझ्यामागे पांढरा कागद धरला की त्यावर बशीएवढा सूर्य उतरे. मुली त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने टिपत.

"बाई, सूर्य तिथे जळलाय का?" एकदा चंपाने विचारले.

"नाही गं. तिथे चुंबकीय बळ इतकं जबर असतं, की आतली उष्णता वर येऊ शकत नाही. तो भाग जरा थंड, म्हणून काळा दिसतो. आणि गंमत बघ, सूर्याचं सर्वांत बाहेरचं वातावरण त्याच्या पृष्ठभागापेक्षा शेकडो पट तापलेलं असतं. का, ते अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही."

डाग साधारण अकरा वर्षांत वाढून ओसरतात. तेवढ्यात सूर्याच्या चुंबकाच्या दिशा उलटतात; त्या पूर्ववत व्हायला मात्र बावीस वर्षे लागतात. बाईंना ती पूर्ण बावीस हवी होती. वर्षाला एक अशा सोळा वह्या भरल्या आणि बाई निवृत्त झाल्या. मला कपाटावर ठेवले गेले. पुढच्याच पावसाळ्यात माझ्या डोळ्याकडच्या भिंगावर बुरशी चढली.

गेल्या महिन्यात बाई वह्या पाहायला आल्या.

"त्या रंगकामाच्या वेळी रद्दीत गेल्या," मुख्याध्यापक बापूराव म्हणाले. "अहो, सूर्याचे फोटो रोज इंटरनेटवर येतात. आणि सूर्य काय पळून जातोय?"

बाई कपाटाकडे वळल्या. मला उचलून गच्चीवर गेल्या. मागोमाग काही मुली आल्या.

"केवढे डाग!" मुली ओरडल्या.

बाईंनी माझे डोळ्याकडचे भिंग हळूच फिरवले. कागदावरचे डागही फिरले.

"हे सूर्याचे नाहीत," त्या म्हणाल्या. ओढणीच्या टोकाने भिंग पुसत राहिल्या. बुरशीने काच खाल्ली होती.

मित्रांनो, माझे आता काही होणार नाही. पण कुणी रोज काही टिपून ठेवलेले दिसले, तर त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. त्या सोळा वर्षांतली एकही सकाळ आता कुणाला पुन्हा टिपता येणार नाही.