पायांतून निघणारी लस

निर्मळबाबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेला प्रत्येकजण पाय ठेवायलाच आला होता. मधोमध निळा टब, त्यात कोमट पाणी, चमचाभर 'सिद्ध' मीठ आणि विजेला जोडलेली एक काळी डबी. पाय बुडवून थोडा वेळ बसलं की स्वच्छ पाणी चहासारखं तांबूस व्हायचं. मग बाबा डोळे मिटून सांगायचे, "लहानपणी टोचलेल्या लशी! एकेक बाहेर पडतेय बघा!"

त्या गर्दीत माझी धाकटी बहीणही होती. घरी येऊन तिने जाहीर केलं, "दादा, बाळाला गोवराची लस द्यायची नाही. माझ्या पायांतून काय निघालं, ते मी डोळ्यांनी बघितलंय."

शेजारच्या गल्लीत गोवराची साथ होती. एक पोर न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडलं होतं, आणि आमची भाची जेमतेम दहा महिन्यांची. माझा पारा चढला. पण बहिणीला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी लस देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

सगळं ऐकून त्या हसल्या. "तुमच्या कपड्यांच्या दुकानात मोजे दाखवायला जे दोन पाय ठेवलेत, ते उद्या आणाल?"

दुसऱ्या दिवशी बहिणीला सोबत घेऊन डॉक्टरीणबाईंनी आणि मी चाकाच्या खुर्चीतून माझ्या 'मामेसासऱ्यां'ना बाबांकडे नेलं. डोक्यावर कानटोपी, तोंडाला मास्क, अंगभर ब्लँकेट आणि खाली दोन गोरेपान पाय. मी बाबांच्या कानात कुजबुजलो, "बोलत नाहीत. गोवर असावा."

जगाचं विष खेचून काढणारे बाबा टुणकन मागे सरले. "पाय तुम्हीच बुडवा," ते लांबूनच म्हणाले.

पाणी तांबूस झालं, वर फेस आला आणि बाबांना लांबूनच स्फुरण चढलं. "काय टोचून घेतलंय हो या माणसाने! यकृत पार सडलंय. पण चेहऱ्यावर आत्ताच तेज आलंय बघा!"

डॉक्टरीणबाईंनी ब्लँकेट ओढलं. आत दोन उशा, एक लोड आणि प्लास्टिकचे पाय. "यांना जन्मात एकही लस टोचलेली नाही," त्या म्हणाल्या.

गर्दीतली एक आजी जी हसत सुटली! बाबा ओरडले, "प्लास्टिक तर सगळ्यात विषारी!"

बाईंनी ते पायही काढले, नवं पाणी भरलं, मीठ टाकलं आणि डबी सुरू केली. टबात कुणाचेच पाय नव्हते, तरी पाणी पुन्हा तांबूस. मग प्लग काढून त्यांनी डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, त्यातली एक कुरतडल्यागत झिजलेली. "मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की ते भराभर गंजतं. हा रंग गंजाचा आहे. पाय असोत वा नसोत."

सगळे हसत होते, बहीण मात्र नाही. "याचं खोटं निघालं म्हणून तुमचं खरं ठरत नाही, डॉक्टर. मागच्या लशीनंतर बाळ रात्रभर तापलं होतं. त्याचं काय?"

"तो ताप लशीचाच होता. याही वेळी येऊ शकतो, पुरळही उठेल कदाचित. अगदी क्वचित जोराची ॲलर्जी होते, म्हणून टोचल्यावर मी अर्धा तास बसवून ठेवते आणि औषध हाताशी असतं. पण गोवराचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. मुलं दगावतात त्यात."

"हे मागच्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर मी या टबात पाय घातलेच नसते."

बाईंचा चेहरा उतरला. "सांगायलाच हवं होतं. चूक आमची."

बहिणीने थोडा विचार केला. मग म्हणाली, "चला, बाळाला घेऊन येते."

सुई टोचल्यावर भाचीने दवाखाना डोक्यावर घेतला. पुढचा अर्धा तास बहिणीने डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून हैराण केलं, आणि त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं.

माझं सांगणं एवढंच. चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा आणि सुई टोचणाऱ्यालाही विचारा. जो विचारू देतो आणि चुकलो तर चुकलो म्हणतो, त्याच्याकडे आपलं लेकरू न्या.