हिरा लाभला पाहिजे

"भोरांच्या घरची सून हिऱ्याच्या अंगठीशिवाय उंबरा ओलांडणार नाय!" अशी घोषणा खंडेराव भोरांनी घोटीच्या आपल्या भात गिरणीत उभं राहून केली. गिरणी चालू होती, त्यामुळे ती कुणालाच ऐकू गेली नाही. मग त्यांनी गिरणी बंद करवली आणि घोषणा पुन्हा केली. पदराला लागलेला कोंडा झटकत चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आपल्या घरात हिरा एकच व्हता. त्याला तुम्ही डाव्या अंगाला जुंपायचे."

तो बैल वारल्याला बरीच वर्षं झाली होती. तरी खंडेरावांना जरा लागलंच.

खरी पंचाईत झाली ती वाल्मीकची. हा त्यांचा थोरला, नाशकात बँकेत कारकून. गंगापूर रोडवरच्या हेडमास्तरांची मुलगी मालन त्यानं एकदाच पाहिली होती. म्हणजे पोह्यांचा ट्रे पाहिला होता, ट्रे धरलेली बोटं पाहिली होती, आणि त्याच्या वर कुठेतरी चेहराही असावा. तेवढ्यावर बँकेत त्याच्या बेरजा चुकू लागल्या होत्या. हेडमास्तरांनी मात्र बजावून ठेवलं होतं की साखरपुडा आखाड लागायच्या आत व्हायला हवा. नाहीतर ओझरच्या कारखान्यातलं एक स्थळ स्कूटरसकट दाराशी तयार होतं. वाल्मीककडे सायकल होती, तिलाही घंटी नव्हती.

नाशकाच्या सराफ बाजारात, आपल्या पेढीवर गोटीरामशेटांनी मखमलीच्या तुकड्यावर एक खडा ठेवला. "कणी लहान आहे, पण पाणी बघा, खंडेराव."

"कणी?" खंडेराव दुखावले. "शेट, मी तांदळाचा यापारी माणूस. कणी आमी कोंबड्यांना घालतो. आख्खा दाखवा."

हिऱ्याला कणी म्हणण्यात अपमान नसतो, हे त्यांना पटायला दोन चहा लागले. मग त्यांनी खडा तळहातावर घेतला, सवयीनं फुंकर मारून नसलेला कोंडा उडवला, आणि दाणा किती वाळलाय ते बघायला दाढेखाली धरला. गोटीरामशेटांनी डोळे मिटून घेतले.

"चांगला वाळलाय," खंडेरावांनी निकाल दिला.

पण हिरा नुसता चांगला असून भागत नाही, तो लाभावा लागतो. गिऱ्हाइकानं तो घरी न्यायचा, उशाखाली ठेवून झोपायचं, आणि घरात काय बरंवाईट घडतं ते बघायचं. बरं घडलं तर घ्यायचा, वाईट घडलं तर परत. गोटीरामशेटांनी खडा गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि आपल्या देवांकडे एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा पट्टा तुटला.

"आवो, तो दिवाळीपासून चिरला व्हता," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"चिरला व्हता ना? तुटला नव्हता ना? मग आजच कुनी तोडला?"

वाल्मीक पुडी घेऊन पहिल्या एस्टीनं नाशकाला आला आणि निळ्या पुडीतला हिरा घेऊन परत गेला.

निळी पुडी उशाखाली जाते न जाते तोच पेठहून खंडेरावांची थोरली बहीण रंगूबाई ट्रंक घेऊन आली. गुडघा दुखत होता, म्हणून हवापालटाला. आल्या आल्या तिनं चहात साखर जास्त असल्याचं आणि गिरणीत शिस्त कमी असल्याचं सांगितलं. सगळ्या घोटीच्या बाजाराला दटावणारे खंडेराव जगात फक्त या आक्काला भीत.

"हा तर पैल्यापेक्षा जालीम निघाला!" ते वाल्मीकच्या कानात कुजबुजले. "जा घेऊन. आन् तिसराबी असाच निघाला, तर साखरपुडा दिवाळीनंतर."

वाल्मीकच्या डोळ्यांपुढे स्कूटर उभी राहिली.

"शेट, आखाड तोंडावर आलाय," तो पेढीवर जाऊन जवळजवळ रडला. "एक गरीब स्वभावाचा हिरा द्या हो."

गोटीरामशेटांनी निळी पुडी उघडली आणि त्याच्या हातात भिंग दिलं. "कडेला काळा ठिपका दिसतो?"

"दिसतो."

"गुलाबी पुडीत हाच होता. निळीतही हाच. तुमच्या वडिलांना दुसरा हिरा नकोय, दुसरी पुडी हवीय." त्यांनी तोच खडा पिवळ्या कागदात बांधला. "ती वडिलांच्या हातात कधी द्यायची, ते मात्र तुम्ही ठरवा."

घरी येताच वाल्मीकनं स्वयंपाकघर गाठलं. "आई, आत्या जाणार कधी?"

"बुधवारच्या सकाळच्या गाडीनं. गुडघा दुखायचा ऱ्हायला म्हनली." हे रंगूबाईनं फक्त भावजयीला सांगितलं होतं. भावाला आधी काही सांगण्याची तिची पद्धत नव्हती.

पिवळी पुडी मंगळवार संध्याकाळपर्यंत वाल्मीकच्या खिशातच राहिली. बुधवारी सकाळी रंगूबाई ट्रंक उचलून निघाली. एस्टी वळणाआड जाईपर्यंत खंडेराव हात जोडून उभे होते. मग वळले ते ओरडतच.

"लाभला! एका रातीत आक्का गेली! असा हिरा गावात कुनाकडं नसंल!"

चंद्रभागाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलानं छपराकडे पाहिलं.

अंगठी घडवायला टाकताना गोटीरामशेटांनी विचारलं, "मुलीच्या बोटाचं माप?"

"मी जाऊन आणतो," वाल्मीक तत्परतेनं म्हणाला.

"गप ऱ्हा! सोयरीक व्हायच्या आधी पोरीच्या दारात जाऊन बोट मागतो? लोक काय म्हनतील! बघितलीस ना तिला? मग सांग अंदाजानं."

वाल्मीकनं डोळे मिटले. ट्रेला धरलेली ती बोटं गेले कित्येक दिवस त्याच्या मनात दिवसेंदिवस नाजूक होत चालली होती. "बारीक आहेत. खूप बारीक," तो म्हणाला. पेढीवरच्या मापाच्या कड्यांतून त्यानं एक निवडलं. गोटीरामशेटांनी भुवई उंचावली, पण पिवळी पुडी एकदाची मार्गी लागत होती, म्हणून त्यांनी माप वहीत लिहून घेतलं.

साखरपुड्याला हेडमास्तरांचा हॉल भरला होता. आखाडाला चार दिवस बाकी होते. मालन पाटावर बसली होती. रोज फळ्यावर लिहिणारा, घरच्या विहिरीचं पाणी शेंदणारा तिचा हात पुढे आला. वाल्मीकनं पाहिलं. बोटं चांगली होती, धडधाकट होती, पण त्याच्या आठवणीतली नव्हती.

अंगठी मधल्या सांध्यापाशी अडली. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट दिसला. ती हसू दाबत होती. तिनंच दुसऱ्या हातानं अंगठी एका झटक्यात आत ढकलली. टाळ्या पडल्या.

"बघा, हिरा बघा!" खंडेराव पाहुण्यांना सांगत सुटले. "आमी पारखून घेतलाय. दोन परत केले. हा घरात आला आन् सगळी पीडा गेली!" पुढच्या रांगेतली रंगूबाई मान डोलावत होती.

बोट लाल झालं, मग जांभळं व्हायला लागलं. मालन किंचित वाकली. सोयरीक ठरल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलणार होती. वाल्मीकनं कान पुढे केला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला पाटावरून उठता यायचं नाही. मागं मोरीत साबणाची वडी आहे, तेवढी आणता का?"