कोकमाच्या तेलाचा चटका

सत्यवतीकडून टाचेच्या भेगा भरून घ्यायच्या तर आधी पदराचा बोळा तोंडात धरायचा, हे गव्हाण गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. थंडी पडली की त्या आपापल्या टाचा घेऊन तिच्या ओटीवर हजर होत. सत्यवती कोकमाच्या तेलाच्या गोळ्यातून सुरीने तुकडा काढायची, तो जुन्या पळीत घालून दिव्याच्या ज्योतीवर धरायची आणि वितळलेलं तेल थेंबाथेंबाने भेगेत सोडायची. बाई ओरडली, पाय ओढू लागली, की तिचा घोटा धरून ठेवायची आणि वर हसायची. "चटका बसला ना? मंग पाय शाना हाय तुजा," हे तिचं ठरलेलं वाक्य. चटका बसला म्हणजे तेल आतवर पोचलं, आता भेग भरणार. चटका नाही बसला तर तेल थंड आहे, पुन्हा तापवायचं. यापलीकडे तिच्या विद्येत काही नव्हतं, पण तेवढ्या विद्येवर अर्ध्या गावाच्या टाचा उभ्या होत्या.

पुढे या बायका जिथे राबायच्या ती मिठागरं गेली, त्यांच्या जागी रस्ते आले, आणि सत्यवती लेकासुनेबरोबर पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. लेक प्रणित, त्याचे न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालायचे. तो घरी असला तरी कानाला फोन असायचा. सून अंकिता शाळेत शिकवायची. मिठागर सुटलं तरी टाचांनी आपला धर्म सोडला नव्हता. थंडी आली की त्या फुटायच्याच.

त्या वर्षीही फुटल्या. एका दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा सत्यवतीने देवापुढची समई उचलून स्वयंपाकघरात आणली, पळी तापवली, डावा पाय उजव्या मांडीवर घेतला आणि टाचेच्या मोठ्या भेगेत तेल सोडलं. सवयीने दात आवळून धरले. पण काहीच झालं नाही.

तेल निवलं असेल, असं म्हणून तिने पळी पुन्हा ज्योतीवर धरली. या खेपेला तेलातून धूर निघेपर्यंत धरली. ओतलं. तरी काही नाही. मग तिला रागच आला. मेलं हल्लीचं तेल, दुकानदार काय भेसळ करतात कोण जाणे. तिने पळी इतकी तापवली की दांडा हाताला सोसेना, फडक्यात धरावा लागला, आणि सगळं तेल भेगेत ओतून टाकलं. टाचेवर बारीक चर्रर्र झालं. एक वास आला. भेगेच्या कडेची कातडी पांढरी पडली आणि तिच्या डोळ्यांदेखत फुगून वर आली.

पाय मात्र गप्प होता.

सत्यवतीने पळी खाली ठेवली. भाजल्याचं दुखलं असतं तर ती ओरडली असती, थंड पाणी ओतलं असतं, मोकळी झाली असती. दुखतच नव्हतं, आणि त्याचीच तिला धडकी भरली. कारण हा मुका पाय तिने याआधी एकदा पाहिला होता. तो तिच्या नवऱ्याचा होता.

शिवाला साखर होती. त्याच्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि हा तसाच अनवाणी घरापर्यंत यायचा. लोक हसायचे, सत्यवतीही हसायची. मग कधीतरी खिळा घुसला. तो त्याला कळला नाही, जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा कळला. आधी अंगठा कापला, मग पाऊल, आणि शेवटी डॉक्टर आला आणि त्याने निळ्या पेनाने शिवाच्या गुडघ्याखाली गोल रेघ मारली. सत्यवती पलंगाशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी त्या रेघेखाली काही उरलं नव्हतं. पुढचा पावसाळा शिवाने पाहिला नाही. माणूस गेल्याचं दुःख तिने सोसलं, पण ती रेघ अजून तिच्या झोपेत यायची. साखर आता तिलाही होती. गोळी ती घ्यायची, आठवण राहिली तर.

फोडावर तिने हळद दाबली, चिंधी बांधली आणि वरून प्रणितचे जुने मोजे चढवले. संध्याकाळी अंकिताने विचारलं तेव्हा फरशी गार लागते म्हणून सांगितलं. गार लागते म्हणताना तिचं तिलाच वाईट वाटलं, कारण फरशी गार आहे की गरम हे त्या पायाला आता काय कळत होतं.

त्यानंतरचे दिवस तिने चोरासारखे काढले. अंकिता शाळेत गेली की ती बाल्कनीत बसून पायाची परीक्षा घ्यायची. टाचणी टोचायची, बर्फ लावायची, चिमटे काढायची. उजवा पाय थोडंफार तरी उत्तर द्यायचा. डावा नाहीच. फोड फुटला, खाली लाल ओलं मांस दिसायला लागलं. हळद, कोरफडीचा गर, तुळशीचा रस, जे जे गावात ऐकलं होतं ते सगळं तिने लावून पाहिलं. चिंधीला वास यायला लागला तेव्हा उदबत्त्या दुप्पट लावल्या. आईची भक्ती एकाएकी वाढली असं प्रणित हसत म्हणाला. सत्यवतीही हसली. डॉक्टरकडे जाणं म्हणजे रेघ, एवढंच तिला दिसत होतं. न जाणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं, पण त्याकडे ती पाठ करून बसली होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तिने डोळे मिटून पाय कुजू दिला.

अशात गव्हाणाहून गोदूबाई आली. ही तिची लहानपणची सोबतीण, मिठागरात दोघी शेजारी शेजारी राबलेल्या. दर थंडीत एकदा त्या एकमेकींच्या टाचा भरायच्या. आधी सत्यवती गोदूबाईच्या, मग गोदूबाई सत्यवतीच्या. त्यात कधी खंड पडला नव्हता. गोदूबाईने पिशवीतून कोकमाच्या तेलाचा घरचा गोळा काढला आणि पाय पसरून बसली. रविवार होता. अंकिता आत वह्या तपासत होती.

सत्यवतीने पळी तापवली आणि पहिला थेंब सोडला. गोदूबाईने असा हंबरडा फोडला की अंकिता दारात येऊन बघून हसून गेली. दर वर्षी या ओरडण्याला सत्यवती पोट धरून हसायची. आज ती हसली नाही. सख्ख्या मैत्रिणीच्या दुखण्याचा तिला हेवा वाटला, असा हेवा तिने उभ्या जन्मात कुणाच्या सोन्यानाण्याचा केला नव्हता.

गोदूबाईच्या टाचा झाल्या. तिने डोळे पुसले आणि पळी स्वतःकडे घेतली. "आन आता तुजे पाय."

सत्यवती म्हणाली, या वर्षी नको. गोदूबाईने कारण विचारलं. भेगाच नाहीत, असं उत्तर आलं. मिठागरातल्या बाईच्या टाचेला भेगा नाहीत हे गोदूबाईला पटण्यातलं नव्हतं. ती पळी ज्योतीवर धरून बोलत राहिली, भाचीच्या लग्नाचं सांगत राहिली, आणि सांगता सांगता उठायला गेली तशी पळी कलंडली. उकळतं तेल सत्यवतीच्या मोज्यावर सांडलं. गोदूबाईच ओरडली.

सत्यवती तिच्या तोंडाकडे बघत विचारत होती, "मंग हळदीला कोन कोन आलता?"

गोदूबाईने खाली पाहिलं. मोज्यातून वाफ निघत होती. तिने पुन्हा वर पाहिलं, सत्यवतीच्या चेहऱ्यावर हळदीची चौकशी तशीच होती. मग सत्यवतीची नजरही खाली गेली. 

"सत्ये," गोदूबाई हळूच म्हणाली, "शिवाभावोजींचा असाच होता ना गो?"

सत्यवतीने तिचा हात घट्ट धरला, सुनेला सांगू नको म्हणून देवाची शपथ घातली. गोदूबाईने शपथ ऐकून घेतली, तो हात सोडवला आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन अंकिताला बोलावून आणलं. शपथ मोडल्याचं पाप ती पुढे निस्तरणार होती, मैत्रीण गेल्यावर ते निस्तरता आलं नसतं.

अंकिता रागावली नाही. मोजा काढला, चिंधी सोडली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती एवढंच म्हणाली की आई, रिक्षा बोलावते. तो चेहरा पाहून सत्यवतीची भीती पायातून निघून थेट छातीत चढली.

सोमवारी सासूसुना पुन्हा दवाखान्यात, डॉक्टर चारुताच्या खोलीत बसल्या होत्या. रविवारी तातडीची मलमपट्टी आणि इंजेक्शन झालं होतं, आज नीट तपासणी होती. डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ होती. तिने सत्यवतीला डोळे मिटायला सांगितले. आपण नायलॉनचा बारीक दोरा पायाला टेकवणार, जाणवला की 'लागला' म्हणायचं, बस.

सत्यवतीने डोळे मिटले आणि तिच्या ध्यानात आलं की ही परीक्षा आहे. नापास झाली तर रेघ. पायाला काही कळत नव्हतं, पण कान शाबूत होते. डॉक्टर वाकली की तिच्या हातातल्या बांगड्या किंचित वाजायच्या. बांगडी वाजली की सत्यवती म्हणायची, लागला. पुन्हा वाजली, लागला. तळवा, टाच, अंगठा, सगळीकडे लागला. आपण पास होतोय असं तिला वाटायला लागलं. चांगल्या मार्कांनी पास होतोय.

बांगडी पुन्हा वाजली.

"लागला," सत्यवती म्हणाली.

पुढे बांगडी वाजेना. तिने डोळे उघडले. डॉक्टरचा हात हवेत, पायापासून वीतभर लांब होता, आणि दोरा टेबलावर पडला होता. अंकिता तोंडावर ओढणी धरून बसली होती.

डॉक्टरने काही टोमणा मारला नाही. बांगड्या काढून खिशात टाकल्या आणि दोरा पुन्हा घेतला. तळव्यापासून वर वर येत गेली, आणि घोट्याच्या जरा वर सत्यवतीला खरोखरच काहीतरी टोचलं. इथे, ती म्हणाली. डॉक्टरने टेबलावरचं पेन उचललं. निळं.

सत्यवतीने पाय असा ओढला की खुर्ची मागे सरकली. तिने डॉक्टरचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. "रेघ नको मारूस गो बाय. पाय जान्यापरता मना मरू दे. मना काय लागत नाय, खोटा बोलले मी, कवापासून लागत नाय. पन रेघ नको मारूस."

डॉक्टरला काही उमगेना. अंकिताने सांगितलं, सासऱ्यांच्या पायाची गोष्ट, तुटक तुटक. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. कापायची रेघ नाही ही, तिने समजावलं. इथपासून खाली पायाची राखण दुसऱ्याने करायची, एवढीच तिची खूण. जखम खोल आहे पण हाडापर्यंत गेलेली नाही. पाय वाचेल असं वाटतं. वचन देत नाही. आणखी आठवडाभर मोजा चढवून बसल्या असतात तर मात्र मी असं बोलू शकले नसते.

वचन देत नाही, हे शब्द सत्यवतीने घरी नेले. पुढे मलमपट्ट्या झाल्या, मेलेली कातडी कापली गेली, साखरेच्या गोळ्या अंकिता स्वतः समोर उभी राहून द्यायला लागली. रोज संध्याकाळी ती सासूचा पाय मांडीवर घ्यायची आणि उजेडात फिरवून बघायची. सुनेच्या मांडीवर पाय ठेवायचा याचा सत्यवतीला पहिले काही दिवस संकोच झाला. नंतर संकोच मागे पडला, कारण भीती मोठी होती. ती पायाकडे बघतच नसे. ती अंकिताच्या कपाळाकडे बघायची. तिथे आठी पडली की हिचा श्वास अडकायचा, आणि आठी गेली की सुटायचा. स्वतःच्या पायाची खबर तिला आता तिथूनच मिळत होती.

थंडी सरता सरता जखम भरली. डॉक्टरने पाय कोमट पाण्याने धुवायला परवानगी दिली, भिजत ठेवायचा नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. कोकमाचं तेलही चालेल म्हणाली, पण न तापवता, तळहातावर मऊ करून, आणि उघड्या भेगेत नाही. न तापवता तेल लावायचं म्हणजे सत्यवतीला अळणी भाकरी खाण्यातला प्रकार वाटला, पण ती गप्प बसली.

पहिल्या दिवशी अंकिताने घमेल्यात पाणी आणून ठेवलं. प्रणितचा फोन आला म्हणून ती वळली, आणि सत्यवती सवयीने पाय उचलून पाण्यात सोडायला गेली.

"आई, थांबा." अंकिताने फोन तसाच टाकला आणि स्वतःचा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. घातला तसाच सटकन बाहेर काढला. गीझरचं पाणी होतं, गार मिसळायचं राहून गेलं होतं. हात लालबुंद झाला होता, आणि ती तो झाडत, फुंकत उभी राहिली.

सत्यवतीचा पाय अजून अधांतरी होता. ती त्या लाल हाताकडे बघत राहिली. मग तिने तो हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला, पदराने टिपला, आणि तिला रडू फुटलं.

"बसला ना चटका?" तिने विचारलं.

"बसला," अंकिता म्हणाली. "पाणी निवू द्या आता."

दोघी घमेल्याच्या दोन बाजूंना बसून पाणी निवायची वाट बघत राहिल्या.